पडद्याचं माप

शाहूपुरीत, जिन्याच्या वर, एका काळ्या रंगवलेल्या खोलीत
मुजावरांचा अल्तमश टेबलावर तुकडे मांडतो,
पोस्टकार्डाएवढे:
पांढरा, करडा, चांदीची झाक मारणारा,
आणि एक बारीक भोकांचा, आवाज आरपार जायला.
‘करडा घ्या सर. काळा रंग खरा काळा दिसतो.’
मी मान हलवतो, कळल्यासारखी.
दोन महिने झाले, रात्री अंथरुणात पडून
इंच, लुमेन आणि सोफ्यापासूनचं अंतर
ह्यांचे गुणाकार करतोय.
संयोगिता म्हणते, आधी भिंतीची ओल बघा.

आईला घरी एकटीला कुठं ठेवायची
म्हणून बरोबर आणली.
ती खुर्चीवर टेकलीच नाही.
करडा तुकडा चिमटीत धरला,
अंगठ्यानं चोळला, कडेचा धागा शोधला, सापडला नाही.
उजेडासमोर धरून एक डोळा मिटला.
‘ह्यो कापूस न्हवं.’
‘पीव्हीसी आहे, आजी.’
‘घडी घातली तर वळ उमटंल.’
अल्तमश गप्प.
खोक्यावर कंपनीनं तेच छापलंय.

मग तिनं विचारलं,
‘आन् मागची माणसं कुठं बसायची?’

मला ठाऊक होतं ते अर्धंच.
मंगळवार पेठेत, तालमीमागच्या बोळात, पायमशीनवर
तिनं बेडक्याळ्यांच्या तंबूचे पडदे शिवले,
सात की आठ, तीही आता नक्की सांगत नाही.
इचलकरंजीचा मांजरपाट, पन्ह्याला पन्हा जोडून,
भोवती चार बोटं काळी किनार,
आणि शिवण अशी बेतायची
की नटीच्या नाकावरून जाता कामा नये.
दोरा दिसला तर पैसे कापीन, म्हणायचे बेडक्याळे.
कधी कापले नाहीत.
वेळेवर दिलेही नाहीत.
मुरगूडची जत्रा, कागलचा उरूस,
तंबू जवळपास असला की शिवणावळीवर एक पास,
पडद्याच्या मागच्या अंगाचा.

हे मात्र आज कळलं, ह्या दुकानात,
वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी:
आईनं सगळे सिनेमे उलटे पाहिलेत.
नायक डावखुरे. तलवार डाव्या हातात,
घास डाव्या हातानं.
बायकांचा पदर उजव्या खांद्यावर,
तिला वाटायचं, सिनेमातल्या लोकांची चालच तशी.
पाट्या उलट्या,
पण सरळ असत्या तरी कुणाला वाचता येत होत्या?
‘म्होरनं कधीच न्हाई बघितलास?’
‘एकदा. तुझ्या बापासंगं, लक्ष्मीपुरीत, बाल्कनीत.
समदं चुकल्यागत वाटलं. डोस्कं धरलं माझं.’

अल्तमशनं खालचा कप्पा ओढला.
दुधावरच्या सायीसारखं काहीतरी, धुरकट.
‘हे लग्नाच्या हॉलवाले नेतात. दोन्हीकडून दिसतं.
पण सर, काळा थोडा राखाडी होणार.’
एकशेवीस इंचांचं माझं स्वप्न
ब्याण्णववर आलं,
कारण हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामधली मोकळी चौकट
तेवढीच आहे.
आईनं ती दुकानातच वितीनं मोजून दाखवली,
हवेत.
‘होऊ दे राखाडी,’ मी म्हणालो.
माझे दोन महिन्यांचे गुणाकार
टेबलावर तसेच राहिले, त्या तुकड्यांच्या बाजूला.

आता रविवारी जेवणं झाली की
मी सोफ्यावर, संयोगिता माझ्या शेजारी अर्धी झोपेत,
आणि आई पलीकडे, ओट्याला टेकवलेल्या स्टुलावर.
तिकडचा दिवा बंद.
लसूण सोलायला सिनेमाचा उजेड पुरतो म्हणते.
आम्ही हसतो त्याच्या जरा नंतर
तिकडून हसू येतं.

काल ऐन मारामारीत
नायकाच्या गालावर आतून एक फुगवटा उठला,
बोटाएवढा,
आणि हळूहळू हनुवटीकडं सरकत गेला.
‘आई, त्याला शिवण नाही गं.’
‘न्हाई न्हवं,’ पडद्यामागून आवाज,
‘तीच बघाय लागलोय.’